फुटाळ्याच्या काठी नैनीताल
ओल्या वाळ्याच्या पडद्याचा वास आला की नागपूरचा, आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा तो उन्हाळा आठवतो. बायको लांबलेल्या आजारातून नुकती उठली होती आणि तिला चार दिवस नैनीतालच्या थंड हवेत न्यायचं मी ठरवलं होतं. नकाशा पसरून मी गाड्या समजावत होतो. "ताल म्हणजे?" तिनं विचारलं. तलाव, मी म्हणालो. "तलाव तर आपला फुटाळा बी आहे. एवढ्या दूर काहून जायचं?" मी हसलो आणि तिथल्या पहाडांचं वर्णन करू लागलो. ती ऐकत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, मले अंगणातून ओट्यावर चढणं होत नाही, अन् तुम्ही पहाड सांगून राहिले." नकाशाची घडी तिनंच केली. संध्याकाळी आम्ही सायकलरिक्षानं फुटाळ्यावर गेलो. काठावर माझ्या खांद्याला टेकून ती म्हणाली, "समजा, आलो नैनीतालले. पहाड तेवढे तुम्ही मनानं उभे करा." पावसाळ्याआधीच ती गेली. यंदा मुलगी तिकिटं काढते म्हणाली. "बाबा, नैनीतालचा तलाव एकदा पाहायलाच हवा." मी म्हटलं, पाहिला आहे.