सेनापतीच्या चिलखताचे पोचे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे, बायकोनं मला धुण्याच्या धोपाटण्यानं बडवलं. भांडण नव्हतं. धंद्याचं काम होतं.

मंगळवार पेठेत माझं पत्र्याचं दुकान. बादल्या, नरसाळी, पिठाचे डबे. कोल्हापुरात तेव्हा ऐतिहासिक सिनेमे निघायचे, त्यामुळं स्टुडिओतनं चिलखतंही यायची करायला. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापायचा, वाकवायचा, वर चंदेरी रंग. त्या खेपेला लढाईतनं आलेल्या दोन सेनापतींची चिलखतं पाहिजे होती. नमुना म्हणून मी एका पत्र्यावर हातोडीनं ओळीनं पोचे पाडून नेले. डायरेक्टरनं तो उजेडात धरला.

"मालक, ह्या माणसाला तलवार लागलीय का देवी आल्यात? परवा सकाळी शूटिंग हाय. खरं दिसंल असं आणा, न्हायतर मी दुसरा माणूस बघतो."

घरी आलो तर ही अंगणात धुणं धूत होती. सगळं ऐकून घेतलं.

"तुमी जन्मात कधी मार खाल्लाय का? मार असा ओळीनं बसतो व्हय?"

"मग कसा बसतो?"

"घाला ते चिलखत. दावते."

आत अंगाला जाड वाकळ गुंडाळली, वर कोरं चिलखत चढवलं आणि उभा राहिलो.

"हात वर करा की! समोरचा मारतोय आन् तुमी खांबागत उभं?"

मी डावा हात आडवा धरला. धोपाटण्याची कड आधी डाव्या खांद्यावर बसली, मग कोपरावर, मग घसरत फासळीवर. उजवं अंग जवळजवळ कोरंच. घसरलेल्या घावाची ती लांब रेघ मी बोटानं चाचपली. इतकी वर्षं हातोडी चालवून मला ती जमली नव्हती. हल्ली शेजारची पोरगी फोनवर लढाई खेळते. म्हणाली, आजोबा, ह्यात चिलखताला अगदी खरे पोचे पडतात. बघितलं मी. सगळीकडं सारखे पडत होते. देवी.

त्या दिवशी बडवल्याचा आवाज ऐकून शेजारीण दारात आली. "काय गं, केलं तरी काय ह्यांनी?"

"काय करत न्हाईत, म्हणून तर!"

मी वळून म्हणालो, "आता पाठ."

"पाठीवर कशाला? सेनापती हाय न्हवं? का पळून चाललाय?"

एक चिलखत झालं. दुसरं उद्या करू म्हणाली, डावा हात भरून आलाय.

मी म्हणालो, "मारलंस उजव्यानं आन् दुखतोय डावा? नाटकी हायेस."

पहाटं चुलीपाशी बसली ती तिथंच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

दुपारी तिचा भाऊ कोडोलीहून आला. सगळं उरकल्यावर नदीत अंघोळीला मी सदरा काढला, तर त्याला माझा निळा खांदा दिसला.

"दाजी, ह्ये काय?"

"तुझ्या बहिणीनं मारलंय."

रडता रडता त्यानं विचारलं, "काय केलंतासा?"

मला हसू फुटलं. चारचौघांत, घाटावर. थांबेचना. लोक म्हणाले, ह्याचं डोकं फिरलं. मग पाण्यातच खाली बसलो.

सांजेला स्टुडिओचा माणूस आला. उंबऱ्याबाहेरच घुटमळला. "राहू द्या मालक, दुसऱ्याचं आमी बघतो काहीतरी."

"उद्या सकाळी न्या. दोन्ही."

तो गेल्यावर मेव्हणा भडकला. "सुतकात ठोकाठोक? लोक काय म्हणतील?"

म्हणू देत. एक चिलखत तिच्या हातचं आणि शेजारी दुसरं कुणाचं तरी देवी आलेलं, अशी जोडी पडद्यावर उभी राहिलेली मला चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चिलखत घातलं आणि मेव्हण्याच्या हातात धोपाटणं दिलं. त्यानं टुकटुक केलं.

"धूळ झटकतोयस व्हय?"

त्याचा हात काही उठेना. शेवटी चिलखत उतरवलं, वाकळीसकट त्याच्या अंगावर चढवलं, अंगणाच्या मधोमध त्याला उभा केला आणि धोपाटणं मी घेतलं.

"डावा हात वर कर," म्हणालो, "समोरचा मारतोय."