बंपरला चिकटलेला त्रिकोण

माझे धाकटे दीर आयुष्यभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्टोअरमधली वस्तू बाहेर द्यायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. कुणी नवा पाना मागितला तर आधी जुना आणून दाखवायला लावत आणि तो उलटसुलट करून म्हणत, "अजून चालेल की!" निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं की त्यांच्या कारकिर्दीत आग विझवायच्या एकाही नळकांड्याचं सील तुटलं नाही. कारखान्यात दोनदा आग लागली होती. ती लोकांनी बादल्यांनी विझवली.

घरातही तोच कारभार. सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक, पाहुण्यांचे टॉवेल दुकानातल्या घडीतच. मुलं त्यांना कव्हरकाका म्हणतात. माझी जाऊ होती तेव्हा म्हणायची, "ताई, मी जरा वेळ गप्प बसले तर भीती वाटते, हे माझ्यावरही कव्हर घालतील."

ती गेल्यानंतर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. हौस म्हणून नाही. नदीपलीकडे त्यांचा पॅकिंग खात्यातला एक सोबती अंथरुणाला खिळून आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी भाऊजी त्याची दाढी करायला जातात. बस पुलापर्यंतच जाते, पुढे चांगलाच चढ. न्हावी घरी यायला तयार आहे, पण त्या माणसाला गालावर दुसऱ्या कुणाचा हात सहन होत नाही. एरवी वस्तू वापरायला कचरणारा हा माणूस त्याच्यासाठी मात्र दर वेळी नवं पातं काढतो.

गाडी चालवणं काही खास नव्हतं. चौकात सरळ जायचं असलं की ते चारही इंडिकेटर लावत. मी एकदा विचारलं, "भाऊजी, हे कशाला?"

"डावीकडे वळत नाही, उजवीकडे वळत नाही. म्हणजे दोन्ही लावायचे. सरळ हिशोब आहे वहिनी."

"अहो, ते गाडी बंद पडल्यावर लावायचे असतात."

"मग आपल्या रस्त्यावर रोज शंभर गाड्या बंद पडतात म्हणायच्या."

ते काही खोटं नव्हतं. ब्रेड घ्यायला थांबणारा ते लावतो, मुलाला शाळेत सोडणारा लावतो, दारातच गाडी आडवी लावून गप्पा मारणाराही लावतो. ते दिवे बघून थांबावं, असं आता कुणालाच वाटत नाही.

त्यांची मुलगी दवाखान्यात नर्स आहे. फाटकाला दोनदा गाडी घासली तेव्हा तिने बजावलं होतं, "बाबा, आता आणखी एक जरी तक्रार आली तरी किल्ली माझ्या कपाटात जाईल. मग रडायचं नाही." त्या दिवसापासून भाऊजी किल्ली खिशावरून चाचपत असायचे.

परवा माझी कवळी टोचत होती म्हणून ते मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले. पाण्याच्या टाकीजवळचं वळण संपतं तिथे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. उजवीकडे टाकीची उंच भिंत. मागून येणाऱ्याला वळण घेईपर्यंत काही दिसायचं नाही.

भाऊजींनी चारही इंडिकेटर लावले आणि सीटवर टेकून बसले. एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत बाजूने गेला. "आजोबा, भाजी नंतर घ्या!"

"मी खाली उतरते," मी म्हटलं. "तुम्ही तो धोक्याचा त्रिकोण काढा आणि मागच्या गाड्यांना दिसेल असा वळणापलीकडे नेऊन ठेवा."

त्रिकोण होता. मुलीनेच आणला होता. डिकीत दोन गालिचे, एक छत्री आणि रिकाम्या डब्यांची पिशवी यांच्या खाली, आपल्या लाल खोक्यात, न उघडलेला. भाऊजींनी खोक्याच्या कडेची चिकटपट्टी नखाने हळूहळू सोडवायला घेतली, फाटू नये म्हणून.

"फाडा ना!"

"फाडली की परत लागत नाही वहिनी."

त्याचे पाय कसे उघडतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. आधी तो उलटा उभा राहिला, मग आडवा पडला. शेवटी सरळ झाला, तेव्हा त्यांनी तो बंपरच्या मागे, अगदी टेकवून ठेवला आणि लांबून कौतुकाने पाहिला.

"अहो, इथे कुणाला दिसणार? वळणापलीकडे न्या."

"तिथे माझं लक्ष राहणार नाही. कुणी उचलून नेला तर?"

"नेला तर नेला!"

"नवा आहे वहिनी."

मी तो उचलला. त्यांनी दुसरी बाजू धरली. भर रस्त्यात दोन म्हातारी माणसं एका त्रिकोणाची ओढाताण करत होती. शेवटी माझ्या हातातून तो सुटला आणि भाऊजींनी परत होता तिथेच ठेवला. मी चिडून भिंतीच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि त्यांनाही ओरडून बोलावून घेतलं. तेवढं त्यांनी ऐकलं, हेच नशीब.

रिकामे क्रेट भरलेला एक टेम्पो वळणावरून आला. ब्रेक करकचून लागले, तरी टेम्पो घसरत येऊन गाडीवर आदळलाच. मागचा दिवा फुटला, डिकी आत गेली, त्रिकोण चाकाखाली चुरला. टेम्पोवाला खाली उतरला आणि आधी आमच्या गाडीच्या आत डोकावला.

"काका, त्रिकोण म्हणजे काय नंबरप्लेट आहे का, गाडीला चिकटवायला? आत कुणी बसलेलं असतं तर?"

भाऊजी खाली वाकून लाल तुकडे गोळा करत होते.

मेकॅनिकला घेऊन मुलगी आली तोवर टेम्पोवाला निघून गेला होता. तिने आधी आम्हा दोघांचे हात, मान, डोकं तपासलं. मग डिकीकडे पाहिलं.

"त्रिकोण लावला होता की नाही?"

"लावला होता तर!" भाऊजी म्हणाले. "चांगला वळणापलीकडे. हल्ली लोकांना डोळे कुठे आहेत!"

ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही सांगा. कुठे होता?"

भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात खिशावर होता. मला तो नदीपलीकडचा माणूस आठवला, आणि आमच्यापैकी कुणी त्या मागच्या सीटवर बसलेलं असतं तर काय झालं असतं, तेही. माझा राग अजून उतरला नव्हता.

"बंपरपाशी," मी म्हटलं.

तिने नुसता हात पुढे केला. भाऊजींनी किल्ली दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मग आता त्याची दाढी तुम्हीच करा."

मुलीच्या ड्यूट्या अशा की त्यांना तिकडे सोडायला तिला सोमवारीही जमत नाही आणि गुरुवारीही. त्यामुळे या गुरुवारी आम्ही दोघं बसने निघालो; किल्ली माझ्यामुळे गेली, म्हणून मीही. माझ्या शेजारची जागा रिकामी असूनही ते मागे जाऊन बसले. पुलावर उतरून चढ चढायला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझे गुडघे मात्र पावलागणिक जड होत होते. भाऊजी वस्तऱ्याची पिशवी घेऊन तरातरा पुढे चालले होते. मी दोनदा थांबले. ते थांबले नाहीत.

सोबत्याच्या घराच्या पायऱ्या आल्या तेव्हा त्यांनी मागे न बघता पिशवी माझ्या हातात दिली.

"पाणी तापवायला सांगा आत. आणि वहिनी, त्याला काय ते तुम्हीच सांगा. इथून पुढे गाडीशिवाय मी आठवड्यातून एकदाच येणार."