कुशाबांच्या घड्याळाची डायल

परळच्या भोईवाड्यात एका जिन्याखाली माझ्या बाबांचं, राजरत्न कासारेंचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. एक टेबल, एक काचेचं कपाट आणि गिऱ्हाइकासाठी स्टूल, एवढंच. एकोणिसाव्या वर्षी ते इथे कामाला लागले, पुढे दुकान त्यांचंच झालं. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलाय. मोजमापाची यंत्रं तपासायची हे माझं रोजचं काम. तरीही शनिवारी त्या टेबलाशी बसले की मी शिकाऊच असते.

अशाच एका शनिवारी सकाळी दोघं जण आले. एक होते लालबागचे कुशाबा, वय शहाऐंशी. दुसरे गिरगावचे जगदीश. ते जुनी घड्याळं जमवतात आणि दुरुस्तीला बाबांकडेच आणतात. पुढच्या शनिवारी लालबागच्या वाचनालयात गिरणगावातल्या माणसांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. कुठली वस्तू खरी, कुठली नाही, हे बघायचं काम जगदीशकाकांकडे होतं.

कुशाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पांढऱ्या डायलवर निळा समुद्रपक्षी. सागर एअर या कधीच बंद पडलेल्या विमान कंपनीचं चिन्ह. कुशाबा तिथे सामान चढवायचे. एकोणऐंशी साली एका विमानाच्या पंखाखालून इंधन ठिबकताना त्यांना दिसलं. कोणी ऐकेना, म्हणून ते सरळ चाकापुढे जाऊन उभे राहिले. विमान थांबलं. कंपनीने बक्षीस म्हणून हे घड्याळ दिलं.

"ही गोष्ट आम्ही फलकावर लिहिणार होतो," जगदीशकाका म्हणाले. "पण राजाभाऊ, घड्याळ मुंबई स्पेशल आहे."

जमवणाऱ्यांनीच पाडलेलं हे नाव. मशीन जुनं, डायल मात्र नव्याने रंगवलेली. वर विमान कंपनीचं नाही तर सैन्याचं चिन्ह टाकायचं आणि हौशी माणसाच्या गळ्यात मारायचं. बाबा असल्या कामाला हात लावत नाहीत, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे.

"हे बघा, पक्ष्याचा पंख मिनिटांच्या रेघांवर गेलाय. रंग जाड. खाली 'स्विस' असायला हवं, ते गायब. आणि आजोबा म्हणतात, घड्याळ कधी उघडलंच नाही."

"नायच उघडलंय!" कुशाबा उसळले. "देवाशपथ! चाळीसच्या वर वर्सां झाली."

"इतकी वर्षं न उघडता घड्याळ चालतं होय?"

"माझा चालता! तुझा चालत नसात तर मी काय करू?" मग ते बाबांकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "चाळीतली पोरां आता म्हणतत, म्हाताऱ्यान चोरबाजारातसून आणल्यान आणि विमानाची गजाल रचल्यान. तू सांग रे बाबा. मी खोटारडो काय?"

बाबांनी आयग्लास डोळ्याला लावला. बराच वेळ डायल पाहिली.

"जगदीशभाऊ, डायलबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ते म्हणाले.

कुशाबा स्टुलावर आणखीच लहान दिसायला लागले. मला बाबांचा राग आला. जरा हळू तरी सांगायचं.

बाबांनी मागचं झाकण उघडलं. कारागीर घड्याळ बंद करण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो. पुढच्या कारागिरासाठी. मालकाला ती कधी दिसत नाही. बाबा ते झाकण उजेडात फिरवत राहिले. मग माझ्या हातात दिलं. "नम्रता, वाच."

मी भिंग धरलं. 'रा ११-८६'. तो 'रा' मी शेकडो झाकणांत पाहिलाय. मी बाबांकडे पाहिलं. झाकण परत लावलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं.

"ही डायल मी रंगवली आहे," बाबा म्हणाले.

जगदीशकाकांचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही? मुंबई स्पेशल?"

"तेव्हा तो शब्द नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, नव्यासारखं करून दे, आम्ही करून द्यायचो. जुना रंग खरवडायचा आणि नवा द्यायचा. आज मी तसं करणार नाही. त्या पक्ष्याचा ठसा माझ्याकडे नव्हता. ब्रशने काढला. 'स्विस' लिहायचं राहून गेलं." मग ते कुशाबांना म्हणाले, "एक बाई आल्या होत्या. काष्टा नेसलेल्या, कपाळावर गोंदण. घड्याळ सदऱ्याच्या खिशातून धुण्यात गेलं होतं. तीन दिवस त्या ह्याच स्टुलावर बसून राहिल्या. म्हणत होत्या, माझ्या घोवान इमान थांबवल्यान, त्येचा बक्षीस हा, पक्षी होता तसोच काढ."

"रखमा!" कुशाबा म्हणाले. "माका म्हणाली, घड्याळ भावान बघूक नेल्यान हा. बत्तीस वर्सां संसार केल्यान त्येच्यानंतर, पण सांगल्यान नाय!"

"साक्ष झाली," जगदीशकाका सावकाश म्हणाले. "पण घड्याळ कंपनीचंच, हे कशावरून?"

"रंग मी पुढून काढला होता, मागून नाही."

बाबांनी काटे उचलले, दोन बारीक स्क्रू सैल केले. डायलचा मागचा एक पाय त्यांनीच तेव्हा डाग देऊन जोडला होता. तो तुटला असता तर डायल पुन्हा बसली नसती. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी हात जराही हलला नाही. डायल सुटली. बाबांनी ती चिमट्यात पालथी धरली. पितळेत दाबलेला तोच पक्षी, खाली कारखान्याचा क्रमांक. त्याच्या शेजारी जुन्या डागाचा काळा ठिपका.

जगदीशकाकांनी स्वतःचं भिंग काढलं. दोनदा पाहिलं. मग भिंग खिशात ठेवून ते कुशाबांच्या पाया पडले. "आजोबा, चुकलो."

"ऊठ, ऊठ. तुझी काय चूक? माझ्या घरातच मुंबई स्पेशल होती."

प्रदर्शनासाठी लेखी दाखला हवा होता. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं, 'डायलवरचा रंग मूळ नाही.' मी थांबले.

"बाबा, हे शेवटी घालू या ना."

"नाही. आधी तेच."

मग पुढचं. घड्याळ सागर एअरचंच आहे, डायलच्या मागे कंपनीचा ठसा आहे, रंगकाम १९८६ साली रखमाबाईंच्या सांगण्यावरून केलं. खाली त्यांनी सही केली: राजरत्न कासारे, घड्याळ कारागीर, परळ. कॉलेजात मी किती तपासणी अहवाल लिहिले, पण पहिल्या ओळीत स्वतःची चूक सांगणारा एकही नव्हता.

बाबांनी घड्याळ जुळवून चावी दिली. "आजोबा, पक्षी नीट काढून देऊ? आता ठसा मिळेल."

"नको. रखमान बसून काढून घेतलो तो. ऱ्हवांदे तसोच."

जगदीशकाकांनी मखमलीची डबी पुढे केली. कुशाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पट्टा मनगटावर आवळला आणि बाही दुमडून वर केली.

"डबी कशाक? मी येतंय ना शनिवारी," ते म्हणाले. "मनगटासकट बघांदेत लोकांका."