बाबांचं मंगलाष्टक आणि टाळूची प्लेट

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते नागपूरच्या दातांच्या डॉक्टरबाईंचं. घरातला पहिला पदवीधर मी. पण बाबांच्या तोंडात काय उरलंय आणि त्याचं काय करता येतं, हे मला बाईंनीच समजावलं.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात रोलिंग मिलमध्ये होते. कॅन्सरमुळे त्यांचा वरचा जबडा अर्धा काढला आणि टाळूला भोक राहिलं. प्यायलेलं पाणी नाकातून यायचं, बोलणं कुणाला कळायचं नाही. ते पाटीवर लिहीत. आजारापूर्वी आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहातल्या मराठी लग्नांत पहिलं मंगलाष्टक बाबांचंच असायचं. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘माह्या पोरीचं कोन म्हनीन?’

बाई म्हणाल्या, “दुसरीकडचं मांस लावून भोक बुजवता येतं. पण आत रोग पुन्हा उगवला, तर दिसणार नाही. नाहीतर प्लेट करू. तिला दात आणि वर भोकात बसणारा पोकळ गोळा. काढायची, धुवायची, आम्हाला आत बघू द्यायची.”

बाबांनी लिहिलं, ‘प्लेट.’

प्लेट बसली, बाबा बोलू लागले. पण आजाऱ्याची भांडी उकळत्या पाण्यातून काढायची, ही आईची रीत. लग्नाला थोडे दिवस उरले असताना तिनं प्लेटही उकळली. ती वाकली, तोंडात बसेना. बाबांनी पुन्हा पाटी घेतली.

आम्ही तिघं पहिल्या गाडीनं नागपूरला गेलो.

“मले वाटलं जंतू मरतीन,” आई रडत म्हणाली.

“मेले ना! प्लेटले घेऊन मेले,” बाई हसल्या आणि नव्यानं माप घ्यायला बसल्या.

नव्या मापाची कच्ची प्लेट तोंडात बसवून त्या म्हणाल्या, “म्हणा आता.”

“काय म्हनू?” बाबांनी नाकातूनच विचारलं.

“लग्नात म्हणायचं तेच.”

बाबांनी मंगलाष्टक सुरू केलं. हवा निसटली की बाई थांबवत, गोळ्यावर त्या जागी मऊ मेण चढवत आणि पुन्हा म्हणायला लावत. आवाज हळूहळू भरत गेला. बाहेर बसलेला एक पेशंट ओरडला, “अरे भाऊ, आत कोनाचं लगन लागून राह्यलं?”

त्या मेणाच्या आकाराचीच पक्की प्लेट झाली. लग्नानंतर मी बाईंना लिहिलं:

‘आदरणीय डॉक्टरबाई,
सादर नमस्कार. काल पहिलं मंगलाष्टक बाबांनीच म्हटलं. मधे आवाज जरा हलला, मग सावरला. दुर्गहून आलेली वरपक्षाची माणसं मांडवात पार मागे उभी होती. त्यांनाही शब्द न् शब्द कळला. जेवताना बाबा दोन वाट्या मठ्ठा प्यायले, नाकातून थेंब आला नाही. पाटी त्यांनी शेजारच्या पोरीला देऊन टाकली. आई आता प्लेट गार पाण्यात धुते आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.
आपला कृतज्ञ.’