दोन वायरलेस सेट

जुने वायरलेस सेट दुरुस्त करून विकणं हा माझा धंदा आहे, आणि आमच्या घराण्यात अजून कुणी त्याला धंदा म्हणत नाही. घराण्यात आधी तलवारी होत्या, मग सरकारी नोकऱ्या आल्या. त्यात बाईने दिवसभर सोल्डरिंगचा धूर नाकात घ्यावा, हे कुणाच्या पचनी पडत नाही. हिचा भंगाराचा नाद, असं माझ्यासमोर म्हणतात. माझ्यामागे काय म्हणतात देव जाणे.

गाडीत डॅशबोर्डखाली बसवायचे, गुंडाळलेल्या वायरच्या माइकचे हे सेट. टॅक्सीवाल्यांनी ते कधीच काढून टाकले. मोबाइल आला म्हणजे सगळीकडे रेंज आली, अशी शहरातल्या लोकांची समजूत! ग्वाल्हेरबाहेर जंगलपट्टीत एक डॉक्टरीणबाई लहानसा दवाखाना चालवतात. त्यांची जीप अडलेल्या बाईला आणायला एखाद्या वस्तीवर गेली, की ती परत दारात उभी राहीपर्यंत यांना काही म्हणजे काही कळत नाही. पेशंट वाटेत आहे की जीपच वाटेत अडकली आहे, काय तयारी ठेवायची, सगळा अंदाजाचा कारभार. त्यांना एक सेट दवाखान्यात हवा होता आणि एक जीपमध्ये. परवाना होता, पण नवे सेट परवडणारे नव्हते. दिवाळी झाली की बसवून देते, असा मी शब्द दिला.

दोन्ही सेट तयार करून मी दाना ओलीतल्या आमच्या जुन्या घरी ठेवले. खालची खोली माझी, वर दादा-वहिनी राहतात. मी ग्वाल्हेरातच, पण हरिशंकरपुरमला राहते. नेमकी तेव्हा मुलीकडे इंदूरला गेले, आणि दादाने दिवाळीची सफाई काढली.

परत येऊन खोली उघडली तर टेबल लख्ख. दवाखान्याचा सेट कपाटात होता म्हणून वाचला. जीपचा सेट गायब.

"अगं, तो तर खराबच होता," दादा म्हणाला. "मी स्वतः चालू करून पाहिला. लाइट लागली, आवाजच नाही आला. एकदम चुप!"

माझं डोकं फिरलं. वायरलेस म्हणजे काय आकाशवाणी आहे, बटण फिरवलं की भजन लागायला? पलीकडून कुणी बोललं तरच तो बोलतो, एरवी गप्प बसतो. तो गप्प होता, कारण तो ठणठणीत होता. आयुष्यभर माझं काम बघून एवढं विचारायला याची जीभ झिजली असती?

आणि दिला कुणाला? सराफ्यातल्या दुकानांची धूळ विकत घेऊन, ती धुऊन सोन्याचे कण काढणारा एक माणूस गल्लीत येतो. हल्ली तो जुन्या मशिनींच्या आतल्या पट्ट्याही घेतो, त्यांवर सोन्याचा मुलामा असतो म्हणून. मी तशीच धावत गेले. सेट उकलून पडला होता, आतली पट्टी केव्हाच तेजाबात गेली होती. त्या माणसावर काय रागवायचं? त्याने विकत घेतलं होतं. विकणारा माझा सख्खा भाऊ होता.

त्या मॉडेलचा दुसरा सेट मिळेना. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "ठीक आहे. आज सकाळीच जीप गेली आहे. अजून आलेली नाही."

हे मी वर जाऊन दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो सोफ्यावर चिवडा खात होता.

"इतकं काय बिघडलं? एक तर राहिला ना! तो देऊन टाक त्यांना."

मी खाली गेले. उरलेला सेट, बॅटरी, अँटेना सगळं वर आणलं, त्याच्यासमोर टीपॉयवर जोडलं आणि सुरू केलं. लाइट लागली. माइक त्याच्या हातात दिला.

"घे, दादा. जीप कुठवर आली ते विचार."

त्याने माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. सेट गप्प होता. वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, चहा टाकू का. दादाने माइक तोंडाशी नेला आणि तसाच टीपॉयवर ठेवला.