गाठी खऱ्या का खोट्या

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर पिठलं. माझी बायको मालन उकळत्या पाण्यात पळी फिरवत होती, मी वरून बेसन सोडत होतो. मला कायमची घाई. मूठभर एकदम टाकलं, गाठी झाल्या. "अवं, ह्या बेसनाच्या गाठी न्हायत, तुमच्या हाताच्या हायत," म्हणाली. दोन दिवसांनी अटॅक आला अन् गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला अन् मी कामावर गेलो. घरात बसून भिंती काय बघायच्या! कळंबच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर रूमची लाईट, एसी अन् जनरेटर बघतो. शिक्षण सातवी.

तिथं नसरीन मॅडम पीएचडीचं काम करतात. त्या दिवशी त्यांनी मला स्क्रीनपाशी बोलावलं. "मामा, हे बघा, नऊ गोळे!"

गोळे कसले, ते सांगतो. नव्या ताऱ्याभोवती गॅसची थाळी फिरत असते. ती लवकर थंड झाली तर स्वतःच्याच वजनानं जागोजाग आवळते अन् तिचे गोळे होतात. त्यातून मोठाले ग्रह बनू शकतात. तिथं जाऊन कोण बघणार? म्हणून कॉम्प्युटरात त्या गॅसचे लाखो कण धरायचे, कोण कुणाला किती ओढतो त्याचा हिशेब करायचा. ह्याला सिम्युलेशन म्हणतात.

मी विचारलं, "गोळे गॅसचेच हायत, का तुमच्या हाताचे?"

"म्हणजे?"

पिठल्याचं सांगितलं. मॅडम हसल्या अन् परत स्क्रीनवरचे गोळे मोजायला लागल्या.

"माझे गाईड हेच विचारतात, मामा. कण कमी धरले तर खोटे गोळे होतात. शुक्रवारी उत्तर द्यायचंय. चुकलं तर वर्षाचं काम वाया."

"मग जास्ती धरा की."

"तीन दिवस लागतील. आणि आठ तासांच्या वर काम लावायचं नाही, हा नियम कुणाचा?"

दारावर कागद होता. अक्षर माझंच. लोडशेडिंग असतं, जनरेटर जुना, लई वेळ चालला की तापतो, अन् मशीन मधेच बंद पडलं की केलेलं सगळं जातं. म्हणून मीच तो नियम केला होता. आठ तासांत बसावं म्हणून मॅडमनी कण कमी धरले. म्हणजे हात माझाच!

तडक प्रिन्सिपल सरांकडं गेलो.

"तीन दिवस? मामा, जनरेटर जळला तर?"

"तर मला काढा. तसं बी पुढच्या साली रिटायरच हाय."

"लई बोलता तुम्ही," म्हणाले अन् परवानगीवर सही केली.

सोमवारी काम लावलं. लाईट पाच वेळा गेली. मी जनरेटरला पंखा लावला, वर पत्र्याची सावली केली, दर तासाला हात लावून बघितलं. मॅडमच्या अम्मीनं दोघांना डबा धाडला. "मामा, तुम्ही जनरेटरला लेकरासारखं जपताय," मॅडम म्हणाल्या. "लेकरू एवढा धूर सोडत न्हाय," मी म्हणालो. मालन गेल्यापासून पहिल्यांदाच हसलो.

गुरुवारी दुपारी निकाल आला. नवातले सात गोळे गायब. दोन राहिले. मॅडमनी कण अजून वाढवून त्या दोघांभोवतीचा तेवढाच तुकडा तपासला, तरी दोन्ही जागच्या जागी. शुक्रवारी मॅडमनी उत्तर धाडलं अन् गाईडचा फोन आला. "दोनच सांग, पण ठासून सांग."

काम लवकर उरकलं म्हणजे बरोबर झालं असं न्हाय, एवढं मला ह्या वयात कळलं.

शनिवारी सकाळी दारावरचा कागद फाडला, जनरेटरचं ऑइल बदललं अन् मॅडमना विचारलं, "पुढचं किती दिवसांचं हाय?"

"आठवडा."

"लावा."