साहेबाच्या तबकातली जनावरं

धुळ्याच्या भांडीबाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून हबीबभाई भांड्यांवर नावं घालतात. त्यांचा एक नियम आहे: आधीचं नाव खोडायचं नाही. भाऊ वेगळे झाले, पातेलं धाकट्याकडे गेलं, तर बापाच्या नावाखाली धाकट्याचं नाव येतं. आजोबांपासून नातवापर्यंत सगळं घराणं ज्याच्या बुडाशी नांदतंय, अशीही पातेली त्यांच्या हातून गेली आहेत.

शिंदखेड्याच्या धुरपदाबाई चांदीचं तबक घेऊन आल्या, तेव्हा अडचण झाली ती या नियमामुळेच. तबक विलायती. धुळ्यातला कुणी गोरा इंजिनियर मायदेशी परतताना त्यांच्या सासऱ्यांना देऊन गेला होता. मधोमध त्याच्या खानदानाची निशाणी कोरलेली: एक ढाल, आणि ती दोन्ही बाजूंनी धरून मागच्या पायांवर उभे दोन लांबोडके, सडपातळ कुत्रे. नात भाविका नरडाण्याला द्यायची होती आणि तबक रुखवतात मांडायचं होतं.

"कुत्रे घासून टाक, हबीबभाई," त्या म्हणाल्या. "विहीण तानुबाई जन्मभर पोरीला ऐकवेल, माहेराहून कुत्रे आणले म्हणून."

हबीबभाईंनी मान हलवली. साहेब गेला म्हणून काय झालं, ते त्याच्या घराण्याचं नावच की. "अक्का, मिटवायचं काम मला जमत नाही. भर घालायला सांगा."

धुरपदाबाईंनी दुसऱ्याकडे जायची धमकी दिली, पायरी उतरल्या, पुन्हा चढल्या. शेवटी तबक ठेवून गेल्या, पण कुत्रे दिसता कामा नयेत, असं बजावून.

हबीबभाई बराच वेळ त्या जनावरांकडे बघत बसले. आयाळ काढावी, तर सिंहाला एवढं निमुळतं तोंड नसतं. मग त्यांनी बारीक छिन्नी घेतली. डोक्यावर शिंगं आली, पाठीवर वशिंड आलं, शेपटीला गोंडा लागला, गळ्यात घुंगुरमाळा पडल्या. साहेबाची एक रेघही न पुसता पोळ्याला नाचावी अशी बैलजोडी उभी राहिली. ढालीखाली धुरपदाबाईंचं नाव आलं.

लग्नाला हबीबभाईंनाही बोलावणं होतं. रुखवतापाशी गर्दी झाली तसे ते जिलबीचं ताट हातात घेऊन मागे उभे राहिले, नजर तबकावर. तानुबाईंनी चष्मा लावला आणि तबक उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"बैल झकास शेतस," त्या म्हणाल्या. "पन पोट खपाटीले गयं. तुमना घर चारा नही व्हता का?"

बायका खुदकल्या. धुरपदाबाई जराही डगमगल्या नाहीत.

"आते त्या तुमना घर येतस. तुम्हीच टाका चारा."

तानुबाई अशा हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. हबीबभाईंनी जिलबी तोंडात टाकली.

पुढच्या बाजारी तानुबाई स्वतः तबक घेऊन त्यांच्या पायरीशी हजर. सुनेचं नाव घालायचं होतं, आणि दोन्ही बैलांपुढे कडब्याची एकेक पेंढी.